उत्तर हवे की व्यस्त?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि मराठ्यांचा इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकलीत. त्यांच्या पंक्तीला गणितातील एखादा विषय मांडावा, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा आमचा अधिकार कोणता, हा प्रश्न प्रथम आमच्याच मनात उभा राहिला. आम्ही केवळ बी.ए.; नोकरी केंद्र सरकारची; बदल्यांच्या गावी जायचे आणि आकड्यांच्या तक्त्यांवर टिपणे लिहायची, यातच तीस वर्षे गेली. परंतु मग असे वाटले, की आपल्या मंडळातील घराघरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसलेली असते. त्यांच्या हातून निघालेले आकडे शेवटी आमच्यासारख्यांच्याच मेजावर येतात आणि त्यांखाली आमची सही होते. आकडा काढणारा आणि त्याखाली सही करणारा, या दोघांत थोडी समजूत असावी, एवढ्याच हेतूने हे चार शब्द बोलतो.

विषय आहे सारणीच्या व्यस्ताचा. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले सारणीला मॅट्रिक्स म्हणतात. नावाला भिण्याचे कारण नाही. आपल्या वसाहतीतील दोन घरांनी एकाच दुकानातून साखर आणि रवा आणला, असे समजा. पहिल्या घरी एक किलो साखर आणि एक किलो रवा आला. बिल १०० रुपये. दुसऱ्या घरी एक किलो साखर आणि दोन किलो रवा आला; बिल १५० रुपये. भाव काय? दुसऱ्या बिलातून पहिले वजा केले की रव्याचा भाव ५० रुपये, आणि म्हणून साखरेचाही ५० रुपये. आता केवळ वजने दोन ओळींत मांडली, एक-एक आणि एक-दोन, की झाली सारणी. भाव हे अज्ञात, बिले ही ज्ञात. सारणीने भावांना गुणले म्हणजे बिले मिळतात, एवढाच याचा अर्थ.

शाळेत आपण गुणाकार व्यस्त शिकलो. पाचाचा व्यस्त एकपंचमांश. तद्वत् सारणीचाही व्यस्त असतो. वरील सारणीचा व्यस्त म्हणजे पहिल्या ओळीत २ आणि उणे १, दुसऱ्या ओळीत उणे १ आणि १. त्याने बिलांना गुणून पाहावे: २०० वजा १५० म्हणजे ५०, उणे १०० अधिक १५० म्हणजेही ५०. भाव हाती आले. म्हणूनच पाठ्यपुस्तकांत सूत्र असते, की अज्ञात हे सारणीच्या व्यस्तास ज्ञातांनी गुणून मिळतात. सूत्र निर्दोष आहे, सुटसुटीत आहे, आणि कागदावर शोभूनही दिसते.

आमचे सांगणे एवढेच, की ते सूत्र आहे, आज्ञा नव्हे. ते वाचून विद्यार्थी संगणकाला प्रथम सांगतो, ‘व्यस्त काढ’, आणि मग सांगतो, ‘आता गुण’. त्याला हवे असते उत्तर. तो मागतो व्यस्त. या दोन मागण्यांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आज बोलायचे आहे.

प्रथम अगदी लहान उदाहरण घेऊ. ५४ पेढे नऊ जणांत वाटायचे आहेत. सरळ भागाकार केला तर प्रत्येकी सहा. परंतु एखाद्याने आधी नवाचा व्यस्त काढला, तो सहाच दशांश स्थळांपर्यंत ०.११११११ असा ठेवला, आणि मग त्याने ५४ ला गुणले, तर उत्तर येते ५.९९९९९४. एका भागाकाराच्या जागी दोन क्रिया झाल्या आणि पूर्णांक उत्तरही बिघडले. संगणकापाशी अंक ठेवण्यास जागा मोजकीच असते. आजची यंत्रे नेहमीच्या कामात साधारण सोळा अंक धरतात, आणि पुढचे सोडून देतात. म्हणून प्रत्येक अनावश्यक क्रिया ही चुकीला दिलेली एक अनावश्यक संधी असते.

दुसरा प्रश्न श्रमाचा. शाळेत निश्चयक वापरून समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी घोकली असेल. दोन किंवा तीन अज्ञातांना ती उत्तम. परंतु वीस अज्ञातांचा एकच निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडून मांडावयाचा झाला, तर त्यात सुमारे २४ हजार कोटी कोटी पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी पदे मोजणारे यंत्र जरी कामाला लावले, तरी त्या एका निश्चयकाला सुमारे ७७ वर्षे लागतील. आपले मंडळ तेव्हा सुवर्णमहोत्सव उलटून अमृतमहोत्सवही साजरा करून मोकळे झालेले असेल! उलट, त्याच वीस समीकरणांतून एकेका अज्ञाताचा लोप करीत गेले, तर सारे काम तीन हजारांच्या आसपास गुणाकार-भागाकारांत आटोपते.

ही लोपाची पद्धत फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘नऊ अध्याय’ या चिनी गणितग्रंथाच्या आठव्या अध्यायात ती आहे. तेथे उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या धान्याच्या पेंढ्यांवरून तीन समीकरणे मांडली आहेत, आणि गणनाच्या काड्या पटावर ठेवून एका स्तंभातून दुसरा वजा करीत उत्तर काढले आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अनेक अज्ञातांच्या समीकरणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या अज्ञाताला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात, आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. खानदेशातून आलेल्या मंडळींनी ती जागा पाहिली असेल. इतरांनी सुटीत गावी जाताना वाट थोडी वाकडी करावी. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाउस याने लघुग्रहांच्या कक्षा ठरवताना ही पद्धत व्यवस्थित बांधली, आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीचे आधुनिक रूप असे. मूळ सारणीचे दोन त्रिकोणी सारण्यांत विभाजन करायचे. एका सारणीत कर्णाच्या वर शून्ये, दुसरीत कर्णाच्या खाली शून्ये. त्रिकोणी सारणीची समीकरणे जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात: पहिल्यात एकच अज्ञात, ते मिळाले की दुसऱ्यात एकच उरते, आणि असेच पुढे. यात एक पथ्य आहे. जात्याचा खुंटा बारीक असला तर पाळू डगमगते. तसे लोप करताना ज्या संख्येने भागायचे ती अगदी लहान असली, तर चुका फुगतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला स्तंभातील मोठ्यात मोठी संख्या शोधून, ओळींची अदलाबदल करून, तिलाच खुंटा करायचे.

या मार्गाने समीकरणे सोडवण्यास जेवढे श्रम पडतात, त्याच्या साधारण तिप्पट श्रम संपूर्ण व्यस्त काढण्यास पडतात. शंभर अज्ञात असतील तर एकीकडे सुमारे सव्वातीन लाख गुणाकार, दुसरीकडे दहा लाख. येथे कोणी म्हणेल, की बिले दरमहा बदलतात. व्यस्त एकदा काढून ठेवला की दरमहा गुणाकारावर भागेल. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु त्या दोन त्रिकोणी सारण्याही जपून ठेवता येतात, आणि त्यांवरून नवे उत्तर काढण्यास व्यस्ताने गुणण्याइतकेच श्रम लागतात. मग तिप्पट किंमत कशासाठी मोजायची?

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रत्यक्ष व्यवहारातील मोठमोठ्या सारण्या बहुधा रिकाम्या असतात; म्हणजे त्यांत बहुतेक जागी शून्येच असतात. एका लांब सळईवर दहा हजार बिंदू घेतले आणि प्रत्येकाचे तापमान काढावयाचे ठरवले, तर प्रत्येक बिंदूचा थेट संबंध फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी असतो. सारणीत शून्येतर संख्या फक्त २९,९९८. त्रिकोणी सारण्यांतही रिकाम्या जागा बव्हंशी तशाच राहतात. परंतु व्यस्त काढला, की दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटी जागा भरून जातात. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला शेजारच्या दोन बिऱ्हाडांची ओळख असणे निराळे, आणि सर्व बिऱ्हाडांचे एकमेकांशी दूरान्वयाने जे जे नाते लागते त्याची वही घालणे निराळे. पुलाच्या कमानी असोत, विजेच्या वाहिन्यांचे जाळे असो, सर्वत्र हीच गोष्ट आहे. तेथे व्यस्त मागणे म्हणजे ती दहा कोटी नोंदींची वही मागणे होय.

आता चुकीच्या प्रश्नाकडे वळू. कारण आमच्या मते खरा धोका तेथे आहे. वेळ जास्त लागला तर तो दिसतो. आकडा चुकला तर तो दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर, संगणक नुकते आकार घेत होते तेव्हा, मोठमोठ्या गणितज्ञांना लोपाच्या पद्धतीचीच भीती वाटत होती. १९४३ साली हॅरल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने असा हिशेब मांडला, की प्रत्येक नव्या अज्ञातागणिक चूक चौपट होत जाऊ शकते. तसे झाले असते तर पन्नास-शंभर अज्ञातांची गोष्टच सोडून द्यावी लागली असती. १९४७ साली फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांनी मोठ्या सारण्यांच्या व्यस्तावर दीर्घ निबंध लिहून ही भीती बरीच कमी केली. १९४८ साली ॲलन ट्युरिंग याने याच विषयावर लिहिताना सारणीच्या नाजूकपणाचे माप म्हणून ‘कंडिशन नंबर’ ही संज्ञा रूढ केली. त्याच सुमारास इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन यांनी अठरा अज्ञातांची समीकरणे टेबलावरच्या यंत्रांनी सोडवून पाहिली. उत्तरे मूळ समीकरणांत घालून ताळा घेतला, तो अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक नेमका जुळला. हे असे का व्हावे, याचा ध्यास जेम्स विल्किन्सन याने घेतला आणि पुढे त्याचे उत्तरही दिले.

विल्किन्सनने प्रश्नच उलटा विचारला. आलेले उत्तर खऱ्यापासून किती दूर आहे, हे विचारण्याऐवजी त्याने विचारले, की आलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे तंतोतंत खरे उत्तर आहे? त्याने दाखवले, की खुंट्याचे पथ्य पाळून लोप केला, तर व्यवहारात जवळजवळ नेहमीच मिळणारे उत्तर मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारच्या प्रश्नाचे अचूक उत्तर असते. म्हणजे दुकानदाराच्या काट्यात पुसटसा फरक असता, तर हेच उत्तर खरे ठरले असते. आपली वजने आणि मापे तरी कोठे त्याहून अचूक असतात? हिशेबनिसाकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येत नाही. व्यस्त काढून गुणण्याच्या मार्गाला मात्र ही हमी देता येत नाही. सारणी नाजूक असली, तर त्या मार्गाने आलेल्या उत्तराचा ताळाही बिघडू शकतो.

सारणी नाजूक असणे म्हणजे काय? पुन्हा साखर-रव्याकडे येऊ. या वेळी दुसऱ्या घरी एक किलो साखर आणि एक किलो एक ग्रॅम रवा आला. भाव पूर्वीचेच. पहिले बिल १०० रुपये, दुसरे १०० रुपये ५ पैसे. हिशेब बरोबर. परंतु दुकानदाराने पूर्ण दहा पैसे करण्यासाठी १०० रुपये १० पैसे लिहिले, असे समजा. आता त्या एका ग्रॅम रव्याला दहा पैसे पडले. म्हणजे रवा १०० रुपये किलो आणि साखर फुकट! आणि त्याने उदार होऊन वरचे पाच पैसे सोडून दिले, तर रवा फुकट आणि साखर १०० रुपये. या सारणीचा व्यस्त काढला तर त्यात १००१ आणि १००० असे आकडे येतात. म्हणजे बिलातील चूक हजारपट होऊन भावात उतरते. हा दोष पद्धतीचा नाही, प्रश्नाचाच आहे. दोन्ही बिले जवळजवळ एकच गोष्ट सांगत आहेत. त्यांतून दोन भाव पिळून काढायचे म्हणजे अक्षरशः एका ग्रॅमवर न्याय करायचा.

येथे ताळ्याविषयीही सावध राहावे लागते. साखर फुकट आणि रवा १०० रुपये, हे चुकीचे भाव मूळ बिलांत घालून पाहा: पहिले बिल तंतोतंत जुळते आणि दुसरे फक्त पाच पैशांनी चुकते. ताळा जुळला म्हणजे उत्तर खरे, ही आपली शाळेतली श्रद्धा नाजूक सारणीपुढे टिकत नाही.

आणि प्रश्न मुळात नाजूक असता पद्धतही चुकीची निवडली, तर काय होते? एका कार्यालयात (त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही) मागणीचा अंदाज बांधण्याचे काम चालले होते. लोकसंख्या, उत्पन्न, किंमती, सन अशा कारणांवरून मागणीचा हिशेब. एका वर्षाचा एक आकडा मागाहून दुरुस्त होऊन आला. दुरुस्ती अगदी किरकोळ. नव्याने गणित केले तो एका कारणापुढचे चिन्हच उलटले. कालपर्यंत उत्पन्न वाढले की मागणी वाढत होती; आज उत्पन्न वाढले की मागणी घटू लागली. टिपण तयार होते, वर पाठवण्याचीच वेळ होती. एका तरुण सहाय्यकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले नसते, तर कोठे गोदाम बांधायचे आणि कोठे नाही, याचा निर्णय त्या एका चिन्हावर झाला असता. संगणकाने कोठेही ‘थांबा’ म्हटले नव्हते. आकडे आठ-आठ दशांश स्थळांपर्यंत सुबक छापलेले होते.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे, आणि तोही आमच्यासारख्या सरकारी खात्यातलाच. तेथील कामगार सांख्यिकी विभागातील जेम्स लॉंगली याने १९६७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे रोजगाराचे आकडे त्याने घेतले. कारणे सहा: किंमतींचा निर्देशांक, सकल राष्ट्रीय उत्पादन, बेकारांची संख्या, सैन्याचे संख्याबळ, चौदा वर्षांवरील लोकसंख्या आणि सन. हे गणित त्याने प्रथम टेबलावरच्या यंत्रावर, भरपूर अंक धरून, कष्टाने हाताने केले. मग तेच आकडे त्या काळी प्रचलित असलेल्या संगणकाच्या निरनिराळ्या आज्ञावल्यांना दिले. एकाच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे आली; काहींत तर पहिला अंकही खऱ्या उत्तराशी जुळेना. वर्षागणिक लोकसंख्याही वाढत होती आणि उत्पादनही; सारे स्तंभ एकमेकांच्या सावलीसारखे चालत होते. साखर आणि एक ग्रॅम रव्याचीच ही गोष्ट, फक्त सहा पदरी.

परंतु दोष केवळ आकड्यांचा नव्हता. अशा गणितात समीकरणे अज्ञातांहून अधिक असतात; सोळा वर्षे आणि मोजकी कारणे. पाठ्यपुस्तकातील सूत्र असे, की सारणीला तिच्याच आडव्या केलेल्या प्रतीने गुणावे, आणि त्या गुणाकाराचा व्यस्त काढावा. या पहिल्याच पायरीवर घात होतो, कारण त्या गुणाकाराने नाजूकपणाचा वर्ग होतो. आपल्या एका ग्रॅमच्या सारणीवरच पाहू. तिचा निश्चयक ०.००१, लहान खरा, पण चार अंकांच्या यंत्रातही तो नीट मावतो. आता तिला तिच्याच आडव्या प्रतीने गुणा. नव्या सारणीत येतात २, २.००१, पुन्हा २.००१, आणि २.००२००१. तिचा निश्चयक ०.०००००१. आमचे यंत्र चारच अंक धरणारे असेल, तर शेवटची संख्या २.००२ एवढीच उरते. पुन्हा निश्चयक काढा: दोन गुणिले २.००२ म्हणजे ४.००४, त्यातून २.००१ चा वर्ग, म्हणजे ४.००४००१, वजा केला, तर उरते उणे ०.०००००१. चिन्ह उलटले! अशा गुणाकाराचा निश्चयक ऋण असूच शकत नाही. ज्या माहितीवर सारा निवाडा अवलंबून होता, ती सातव्या अंकात होती आणि यंत्राने ती पहिल्याच पायरीवर टाकून दिली. मग पुढे व्यस्त कितीही काळजीने काढला, तरी गेलेली माहिती परत येत नाही. आजच्या सोळा अंकी यंत्रांनाही हा न्याय चुकत नाही. मूळ सारणीचा नाजूकपणा दहा कोटींच्या घरात असेल, तर त्याचा वर्ग सोळा अंक गिळून टाकतो.

यावर उपाय लॉंगलीच्या निबंधापूर्वीच निघाला होता. हाउसहोल्डर याने १९५८ साली सुचवलेली आरशातील प्रतिबिंबासारखी रूपांतरे घेऊन १९६५ साली जीन गोलब याने दाखवले, की तो गुणाकार करण्याचीच गरज नाही. मूळ सारणीचे स्तंभ असे फिरवायचे, की ते एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशांत मांडले जावेत आणि खाली त्रिकोणी सारणी उरावी. फिरवण्याने लांबी बदलत नाही, म्हणून चुकाही फुगत नाहीत. पुढे पायऱ्या उतरत उत्तर काढायचे. नाजूकपणा मूळचा तेवढाच राहतो. त्याचा वर्ग होत नाही.

आपल्या देशातही हा विषय संगणकाच्या जन्माशी निगडित आहे. १९५३ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली जे गणकयंत्र बांधले गेले, ते दहा अज्ञातांची एकसामयिक समीकरणे सोडवण्यासाठीच होते. उत्तर काढणे हेच त्याचे काम.

मग व्यस्त कधीच काढू नये काय? असा सोवळेपणा आम्हांस अभिप्रेत नाही. व्यस्तातील आकड्यांनाच जेथे अर्थ असतो, तेथे तो काढावाच लागतो. वासिली लिऑन्टिफ यांना १९७३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उद्योगांच्या परस्परावलंबनाच्या सारणीसाठी. तेथे व्यस्तातील एकेक संख्या सांगते, की एका उद्योगाचा एक रुपयाचा माल ग्राहकापर्यंत जाण्यासाठी दुसऱ्या उद्योगाला सर्व आडमार्गांनी मिळून एकंदर किती उत्पादन करावे लागेल. रेल्वेला पोलाद लागते, पोलादाला कोळसा, आणि कोळसा वाहण्यास पुन्हा रेल्वे. हे सारे फेरे त्या एका संख्येत येतात. तसेच, काढलेल्या गुणकांवर विश्वास किती ठेवायचा, याचे मापही व्यस्ताच्या कर्णावर मिळते. अशा ठिकाणी व्यस्त हेच उत्तर असते. मात्र एका विशिष्ट मागणीला प्रत्येक उद्योगाचे उत्पादन किती, एवढेच विचारायचे असेल, तर तेथेही समीकरणेच सोडवावीत.

आपल्या तरुण मंडळींना आता दोन शब्द व्यवहाराचे. या शहाणपणाची सोय आज हाताशी आहे. क्लीव्ह मोलर याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब रचले, त्यात समीकरणे सोडवण्यासाठी एक उलटी तिरपी रेघ पुरते. पायथन वापरणाऱ्यांना नम्पाय या संग्रहात ‘इन्व्ह’ आणि ‘सॉल्व्ह’ अशा दोन्ही आज्ञा शेजारी-शेजारी मिळतात. समीकरणे अज्ञातांहून अधिक असतील, तर त्यासाठी निराळी आज्ञाही आहे. पुस्तकात व्यस्ताचे चिन्ह दिसले, की त्याचे वाचन ‘व्यस्त काढा’ असे न करता ‘समीकरणे सोडवा’ असे करावे. एवढी एक सवय जडली, तरी पुष्कळ साधेल.

आणि आमच्यासारख्या सही करणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. पहिला: उत्तर मूळ समीकरणांत घालून ताळा घेतला काय? दुसरा: ताळा जुळत असला, तरी मूळ आकड्यांपैकी एखादा अगदी किंचित बदलून पुन्हा गणित केले काय, आणि उत्तर जागेवर राहिले काय? तिसरा: या मधल्या व्यस्ताची कोणाला गरज होती काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर डळमळले, तर दशांश स्थळांच्या संख्येला भुलू नये. कोणते दोन स्तंभ एकच गोष्ट सांगत आहेत ते शोधावे, अधिक चांगले आकडे मागवावेत, आणि तेही शक्य नसेल, तर ‘या माहितीवरून निर्णय होत नाही’ असे टिपणावर स्पष्ट लिहावे. असे लिहिणाऱ्याची प्रशंसा होतेच असे नाही. परंतु ज्या गावाचे गोदाम त्या आकड्यावर अवलंबून असते, त्या गावाशी तरी आपण प्रामाणिक राहतो.

नाट्यसंगीताची गोडी या विषयात नाही, हे आम्ही जाणतो.  प्रश्न विचारू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही भोजनोत्तर थांबणार आहोत. त्यांनी कागद-पेन्सिल बरोबर आणावी.